निसटलेल्या चेंडूचा विनोद

दुःखातून विनोद जन्मतो, हे विधान आपण इतक्या वेळा ऐकले आहे की ते तपासून पाहण्याची गरज आपल्याला वाटेनाशी झाली आहे. बालपणी हाल सोसले, विनोदाचा आधार घेतला आणि अखेर यश लाभले, अशी तीन पायऱ्यांची कथा वाचकाला सुखावते. कारण तिच्यात दुःखाचा हिशेब चुकता होतो. अमेरिकन नभोवाणीवरील विनोदकार फ्रेड ॲलन यांचे ‘मच अडू अबाउट मी’ हे आत्मचरित्र वरवर पाहता याच साच्यातले आहे. प्रत्यक्षात ते हा साचा मोडते, आणि तेथेच त्याचे मोल आहे.

ॲलन यांचे मूळ नाव जॉन फ्लोरेन्स सुलिव्हन. मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे, एका आयरिश कॅथलिक कुटुंबात, १८९४ साली त्यांचा जन्म झाला. वयाची तीन वर्षे पुरी होण्याआधीच आई न्युमोनियाने गेली. वडील पुस्तकबांधणीचे काम करीत. पत्नीच्या निधनानंतर त्यांचे मद्यपान वाढले. दोन्ही मुलांना लिझी मावशीने पदराखाली घेतले. तिच्या घरी तरी सुबत्ता कुठली? तिचे यजमान लग्नानंतर थोड्याच काळात शिशाच्या विषबाधेने अंशतः लुळे पडले होते. पुढे वडिलांनी दुसरा विवाह केला आणि मुलांपुढे निवड ठेवली : माझ्याबरोबर चला, किंवा मावशीकडे राहा. धाकटा भाऊ वडिलांबरोबर गेला. जॉन मावशीकडे राहिला आणि त्या निर्णयाचा आपल्याला कधीही पश्चात्ताप झाला नाही, असे त्याने पुढे नमूद केले.

एवढ्या सामग्रीवर एखाद्या लेखकाने वाचकाला सहज रडवले असते. ॲलन तसे करीत नाहीत. आत्मचरित्राचे पहिले प्रकरण ते स्वतःभोवती नव्हे, तर मावशीभोवती उभे करतात. घरातील चणचण ते हसत सांगतात. परंतु त्या हास्याचा भार मावशीवर टाकत नाहीत. मराठी वाचकाला येथे लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची आठवण होणे स्वाभाविक आहे. वडिलांचे सोवळे आणि पतीचा संताप यांविषयी लक्ष्मीबाई आपल्याला मनमुराद हसवतात. तरीही ती माणसे आपल्या नजरेत लहान होत नाहीत. विनोदाची ही नीती दोन्ही पुस्तकांत समान आहे.

किशोरवयात बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयात काम करीत असताना विनोदाच्या उगमावरील एक पुस्तक जॉनच्या हाती पडले. चेंडू हवेत झेलत ठेवण्याची कला तो शिकू लागला. हौशी कलावंतांच्या रंगमंचावरून तो व्यावसायिक रंगभूमीवर आला. पण हात काही फारसे सफाईदार नव्हते. तेव्हा त्याने ‘जगातील सर्वांत वाईट झेलगडी’ अशी स्वतःचीच जाहिरात केली. चेंडू निसटला की त्यावर भाष्य करायचे, आणि लोक हसायचे ते त्या भाष्याला. प्रस्तुत लेखकाच्या मते ॲलन यांच्या साऱ्या विनोदाची किल्ली येथे सापडते. निसटलेला चेंडू ते लपवत नाहीत. तो पडला आहे हे प्रथम मान्य करतात आणि मग बोलतात.

१९३२ साली ते नभोवाणीवर आले, तेव्हा हातातले चेंडू निरुपयोगी झाले. उरले ते केवळ भाष्य. १९४२ साली सुरू झालेल्या ‘ॲलन्स ॲली’ या सदरात ते एका काल्पनिक गल्लीत दारोदार टकटक करीत आणि प्रत्येक दारामागून एक निराळा आवाज उत्तर देई : दक्षिणेचा बढाईखोर सिनेटर, ज्यू गृहिणी, न्यू इंग्लंडचा शेतकरी, आयरिश गृहस्थ. जवळचे घर हरपलेल्या मुलाने लक्षावधी श्रोत्यांसाठी उघडी दारे निर्माण करावीत, हे मला योगायोगाचे वाटत नाही. मात्र ही पात्रे कधीकधी ठरावीक जातिवंत नमुन्यांवर विसंबतात, हा दोषही नोंदवला पाहिजे.

या यशाबद्दल लेखक स्वतः काय म्हणतो? नभोवाणीवरील वर्षांचा वृत्तांत त्याने १९५४ साली एका वेगळ्या पुस्तकात दिला. त्याच्या शीर्षकाचा आशय ‘विस्मृतीकडे नेणारा पायरहाट’ असा आहे. दर आठवड्याला नवे संहितालेखन, अधिकाऱ्यांची कात्री, उच्च रक्तदाब. १९४७ साली नभोवाणीच्या उपाध्यक्षांवरील विनोदामुळे त्यांचे प्रक्षेपण ३५ सेकंद बंद पाडण्यात आले. १९४९ साली त्यांचा कार्यक्रम संपला. म्हणजे ज्याला आपण कथेचे फळ समजतो, तेच लेखकाला निष्फळ श्रम वाटले. आणि ज्याला आपण हालअपेष्टा म्हणतो, त्या मावशीच्या घराकडे तो कृतज्ञतेने परतला. १७ मार्च १९५६ रोजी न्यूयॉर्कमध्ये फिरायला गेले असता त्यांचे निधन झाले. हे आत्मचरित्र त्यानंतर प्रसिद्ध झाले. ते नभोवाणीच्या उंबरठ्यावरच थांबते, हे मला अर्थपूर्ण वाटते.

पुस्तकात एक उणीव मात्र जाणवते. वडिलांचे चित्र अपुरे राहते. मावशीजवळ लेखक मोकळा होतो, वडिलांपाशी मात्र विनोद पडद्यासारखा मध्ये येतो. पण हा संकोचही बोलका आहे. आपल्या नाट्यस्पर्धांतून दारुड्याचे पात्र हमखास हशा मिळवते. त्याच प्रेक्षागृहात त्या रात्री तशाच बापाच्या घरी परतणारे एखादे मूल बसलेले असते. त्या मुलाला आपल्याबरोबर हसता येईल का, हा प्रश्न आपल्या विनोदी लेखकांनी लेखणी उचलण्यापूर्वी स्वतःला विचारावा. ॲलन यांनी तो विचारला होता, असे हे पुस्तक वाचताना वाटत राहते.