नार्नियाचे टपाल

लेखक आणि वाचक यांच्या नात्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे; परंतु हा वाचक बहुधा प्रौढ असतो. तो अभिप्राय देतो, परिसंवादात बोलतो, क्वचित रागावतो. दहा-अकरा वर्षांचे मूल आपल्या आवडत्या लेखकाला पत्र लिहिते तेव्हा नेमके काय घडते, हा प्रश्न समीक्षेने फारसा हाताळलेला नाही. मराठीत साने गुरुजींची 'सुंदर पत्रे' सर्वांना ठाऊक आहेत. पण तिथे काका आपणहून पुतणीला लिहितो. मूल आधी विचारते आणि लेखकाला उत्तर द्यावे लागते, तो प्रकार वेगळा. त्यात पहिला शब्द मुलाचा असतो.

अद्‌भुत कथेच्या बाबतीत या पत्रव्यवहाराला आणखी एक अर्थ आहे. अमीर हमजा, हातिमताई, तिलिस्म-ए-होशरुबा या दास्तानांच्या परंपरेत सांगणारा समोर बसलेला असे. ऐकणाऱ्याला कंटाळा आला तर तो कथा वळवी, कुणी विचारले तर तिथल्या तिथे खुलासा करी. दिल्लीचे नामवंत दास्तानगो मीर बाकर अली १९२८ साली वारले आणि ती बैठक जवळजवळ मोडली. छापील पुस्तकाने कथा दूरदूर नेली, पण सांगणारा नजरेआड झाला. मुलाचे पत्र म्हणजे त्या नजरेआड झालेल्या माणसाला पुन्हा समोर बसवण्याची धडपड आहे, असे आम्हांस वाटते. ही धडपड कधी कधी कथेलाच वळण देते. अमेरिकेत एल. फ्रँक बॉम यांनी १९१० साली आपली 'ऑझ' नगरी जगापासून तोडून मालिका संपवली होती. मुलांची पत्रे थांबेनात. १९१३ साली त्यांना त्या नगरीत परतावे लागले. बिनतारी तारयंत्राने ऑझची खबर मिळवा, ही युक्तीही एका बालवाचकाचीच.

या प्रकारातील सर्वांत विचार करायला लावणारे पुस्तक म्हणजे सी. एस. लुईस यांचे 'लेटर्स टू चिल्ड्रन'. लुईस (१८९८-१९६३) ऑक्सफर्डला आणि पुढे केंब्रिजला इंग्रजी साहित्याचे अध्यापक होते. १९५० ते १९५६ या सात वर्षांत त्यांच्या नार्नियाच्या सात कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. कपाटाच्या दारातून बर्फाळ प्रदेशात गेलेली चार भावंडे आणि अस्लान नावाचा सिंह या कथांमुळे त्यांच्या घरी मुलांच्या पत्रांचा ओघ सुरू झाला. त्यांच्या मृत्यूनंतर लायल डॉर्सेट आणि मार्जोरी लँप मीड यांनी या मुलांना लिहिलेली पत्रे निवडून १९८५ साली प्रसिद्ध केली.

लुईस यांना टपालाची हौस होती असे मुळीच नाही. पोस्टमनची थाप ऐकून धास्ती वाटू नये, हे सुखी आयुष्याचे एक लक्षण आहे, अशा आशयाचे त्यांनी आत्मकथनात लिहिले आहे. तरीही ते उत्तरे देत राहिले. तीही बहुतेक स्वतःच्या हाताने, टाक दौतीत बुडवून. संग्रहातील शेवटचे पत्र २१ नोव्हेंबर १९६३ चे आहे. दुसऱ्या दिवशी लुईस वारले. त्या पत्रात त्यांनी पुस्तकातली छपाईची चूक दाखवणाऱ्या एका मुलाच्या पत्रलेखनाची तारीफ केली आहे.

या पत्रांचा पहिला गुण म्हणजे त्यांत लाडे लाडे बोलणे नाही. १९५६ साली एका अमेरिकन मुलीला त्यांनी लेखनाविषयी काही सूचना केल्या. वाक्याचा दुसरा अर्थ निघणार नाही असे लिही. लांबलचक शब्दापेक्षा साधा शब्द बरा. भाववाचक नामापेक्षा वस्तूचे नाव घे. प्रसंग 'भयंकर' होता असे सांगू नकोस, वाचणाऱ्याला भय वाटेल असे वर्णन कर. आणि लहान गोष्टीला मोठा शब्द खर्चू नकोस, नाहीतर खरोखर मोठे काही सांगायचे असेल तेव्हा शब्द उरणार नाही. पत्रातील सल्ल्याचा हा सारांश. आमच्या नवोदित कथाकारांनाच नव्हे, तर समीक्षकांनाही तो लागू पडावा.

दुसरा धागा आपल्या घरापर्यंत येतो. अस्लान हे नाव कुठले, असे एका मुलीने विचारले. १९५२ च्या उत्तरात लुईस सांगतात की, लेनच्या 'अरेबियन नाइट्स'च्या टीपांत ते सापडले. तुर्की भाषेत त्याचा अर्थ सिंह. एडवर्ड लेन यांनी एकोणिसाव्या शतकात केलेला हा इंग्रजी अनुवाद टीपांसाठीच प्रसिद्ध आहे. याच अलिफ लैलाला कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' म्हणून मराठीत आणले, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. सेल्जुक सुलतान अल्प अर्सलान याच्या नावातला सिंह तोच, आणि आपल्या वस्तीतल्या एखाद्या अर्सलानला अम्मी हाक मारते तीही त्याच शब्दाने. नार्नियाच्या मध्यभागी उभा असलेला सिंह नावापुरता तरी आपल्या मुलुखातून गेलेला आहे.

आता या संग्रहातील सर्वांत महत्त्वाच्या पत्राकडे वळू. १९५५ साली नऊ वर्षांच्या एका अमेरिकन मुलाला काळजी लागली की, आपले येशूपेक्षा अस्लानवर जास्त प्रेम आहे. हे मूर्तिपूजेसारखे पाप तर नव्हे? त्याच्या आईने लुईस यांना लिहिले. उत्तर लवकर आले. अस्लानच्या ज्या कृती आणि जे बोल मुलाला आवडतात, ते येशूचेच आहेत. तेव्हा त्याला वाटत असले तरी तो अस्लानवर जास्त प्रेम करूच शकत नाही, असा लुईस यांचा युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद ख्रिस्ती श्रद्धेच्या आतला आहे. आपल्या मुलाला तो जसाच्या तसा उपयोगी नाही. आपल्यासाठी हजरत ईसा (अ.स.) पैगंबर आहेत आणि कथेतला सिंह हा कथेतला सिंह आहे. परंतु त्या मुलाची काळजी आपल्या मुलाला अनोळखी नाही. कल्पित पात्रावर इतका जीव लावणे बरे का, हा प्रश्न आपल्या घरातही उठतो आणि पुष्कळदा पुस्तक काढून घेऊन मिटवला जातो. लुईस यांनी तो हसण्यावारी नेला नाही, हे आम्हांस मोलाचे वाटते.

आणि पत्र तिथे संपत नाही. मुलाने कोणती प्रार्थना करावी हे सुचवताना लुईस पुढे एक पुरवणी जोडतात. तिचा आशय असा की, लुईस यांच्या पुस्तकांनी इतर कुणा मुलाला त्रास झाला असेल, काही अपाय झाला असेल, तर देवाने त्यांना क्षमा करावी आणि पुन्हा तसे होऊ न देण्यास मदत करावी. नामवंत लेखक नऊ वर्षांच्या वाचकाला आपल्यासाठी दुआ मागायला सांगतो! बालसाहित्याच्या इतिहासात लेखकाच्या जबाबदारीचे इतके साधे निवेदन आमच्या पाहण्यात नाही. या 'इतर मुलां'कडे आपण पुढे येणारच आहोत.

पत्रांतून लुईस अर्थ उलगडतात की बांधून टाकतात, हाही प्रश्न आहे. अकरा वर्षांच्या एका मुलीने अस्लानचे आपल्या जगातले नाव विचारले, तेव्हा १९५३ साली त्यांनी नाव सांगितले नाही. खुणा दिल्या आणि ओळख म्हणाले. एका शाळेच्या वर्गाला १९५४ साली त्यांनी समजावले की, नार्निया हे रूपक नव्हे. असे एखादे जग असते तर तिथे काय घडले असते, ही कल्पना आहे. कोडे घातले तरी उत्तर एकच ठरलेले होते, असे म्हणता येईल. परंतु सुझनच्या बाबतीत ते खरेच दार उघडे ठेवतात. शेवटच्या पुस्तकात चार भावंडांपैकी सुझन नार्नियाबाहेर राहते. अनेक वाचकांना ते लागले. लुईस यांनी एका मुलाला कळवले की ती जिवंत आहे, सुधारायला तिला पुष्कळ वेळ आहे. १९६० साली एका मुलीला त्यांनी सांगितले की सुझनची पुढची कहाणी आपल्या हातून होणार नाही; ती मोठ्यांच्या कादंबरीसारखी होईल; तूच का लिहून पाहत नाहीस? आपल्या निर्मितीची किल्ली वाचकाच्या हातात देण्याचे हे औदार्य थोड्या लेखकांना जमते.

खाजगी पत्राचे पुढे काय होते, याचेही एक उदाहरण इथे आहे. अस्लानच्या प्रेमाने काळजीत पडलेल्या त्याच मुलाचे १९५७ साली आईशी मत जुळेना. ती म्हणे, पुस्तके प्रसिद्ध झाली त्या क्रमाने वाचावीत. तो म्हणे, कथेतल्या काळाच्या क्रमाने. लुईस मुलाच्या बाजूने झुकले, पण मालिका आधी आखलेली नव्हती आणि क्रमाला फारसे महत्त्व नसावे, असेही म्हणाले. पुढे प्रकाशकांनी पुस्तकांना कथाक्रमाने आकडे दिले, तेव्हा आधार म्हणून या पत्राकडे बोट दाखवले गेले. एका मुलाला दिलेला दिलासा असा सर्वांसाठी नियम झाला. पत्र वाचताना ते कुणाला आणि कशासाठी लिहिले हे विसरू नये, हा धडा समीक्षेनेही घ्यावा.

आता त्या 'इतर मुलां'कडे. 'द हॉर्स अँड हिज बॉय' (१९५४) आणि 'द लास्ट बॅटल' (१९५६) या पुस्तकांत नार्नियाच्या दक्षिणेला कॅलॉर्मेन हा देश आहे. तिथली माणसे सावळी, फेटे बांधणारी, वक्र तलवारी बाळगणारी. सरदारांना तरकान म्हणतात. नाण्याचे नावही चंद्रकोरीवरून. ती गुलाम ठेवतात आणि म्हणींच्या भाषेत बोलतात. गिधाडाच्या डोक्याचा, चार हातांचा ताश हा त्यांचा देव पाहता हा इस्लाम नव्हे, हे उघड आहे. पण पोशाख, पदव्या आणि बोलण्याची ढब आपल्या बाजूची आहे. शेवटच्या पुस्तकात बुटके त्यांच्या रंगावरून शिवीही देतात. पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शाळेत हे वाचणारी आपली मुलगी कपाटातून नार्नियात शिरते ती ल्यूसी होऊन. आणि पाचव्या पुस्तकात तिला कळते की आपल्या आजोबांसारखा दिसणारा माणूस इथे शत्रू आहे.

न्याय करायचा तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. म्हाताऱ्याशी लावलेले लग्न नाकारून पळणारी अॅराविस ही कॅलॉर्मेनचीच, आणि ती मालिकेतल्या सर्वांत तेजस्वी मुलींपैकी आहे. ती आपली हकिगत सांगू लागते तेव्हा लुईस कबूल करतात की, त्या देशात कथा सांगणे रीतसर शिकवतात, आणि इंग्रज मुलांना शिकवल्या जाणाऱ्या निबंधापेक्षा ती विद्या बरी. दास्तानगोईला याहून चांगली सलामी ती कोणती? एमेथ हा कॅलॉर्मेनचा तरुण सैनिक आयुष्यभर ताशची प्रामाणिक सेवा करतो आणि अस्लान ती सेवा आपली म्हणून स्वीकारतो. यात उदारपणा आहे. पण तो यजमानाचा उदारपणा आहे: पाहुणा चांगला निघाला म्हणून घरात घेतला, त्याच्या घराला मात्र घरपण नाही.

'लेटर्स टू चिल्ड्रन'मधील बहुतेक पत्रे इंग्लंड-अमेरिकेतील मुलांना लिहिलेली आहेत. पुस्तकात उत्तरे लुईस यांची आहेत; मुलांनी काय विचारले ते बरेचसे उत्तरांवरून ताडावे लागते. जे मूल विचारते, त्याच्यासाठी लेखक उत्तर शोधतो. ज्याचे पत्रच येत नाही, त्याच्या घराचे चित्र तो ऐकीव माहितीवर रंगवतो. लुईस यांची दुआ खरी होती असे आम्ही मानतो. अपाय कुणाला झाला हे त्यांना कळायला मात्र टपालाच्या पिशवीत वेगळी पत्रे असायला हवी होती.

मग आपण काय करावे? नार्निया मुलांच्या हातून काढून घेणे हा उपाय नव्हे. सुंदर कथेपासून मुलाला तोडणे हाही अपायच. ती मुकाट्याने वाचू देणेही पुरेसे नाही. मुलाने वाचावे आणि विचारावे: लुईस चाचा, कॅलॉर्मेनच्या मुलांनी अस्लानचे काय वाकडे केले होते? उत्तर येणार नाही, पण असा प्रश्न लिहून काढणारे मूल चांगला वाचक होते. आणि सुझनविषयीचा सल्ला त्यानेही घ्यावा. एमेथच्या घरी त्याची वाट पाहणारी आई होती का? ताशबान शहराच्या गल्लीत मुले कोणते खेळ खेळत? हे लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

शेवटचा सवाल आम्हा लिहिणाऱ्यांना आहे. मुस्लिम मराठी साहित्याने कथा, कविता, आत्मकथन यांत आपला आवाज कमावला. बालसाहित्यात, त्यातही अद्‌भुतकथेत, आपण थोडेच लिहिले. हातिमचे सात सवाल, होशरुबाची मायानगरी, कोकणच्या खाडीतल्या आणि मराठवाड्याच्या दर्ग्याभोवतीच्या आजीच्या कहाण्या, ही शिदोरी कमी नाही. ती मराठीत, आपल्या घरच्या बोलीचा गंध राखून, मुलांसाठी लिहिली गेली पाहिजे. तसे झाले तर एखादी मुलगी पोस्टकार्डावर वाकड्यातिकड्या अक्षरांत आपल्याला प्रश्न विचारील. तिला स्वतःच्या हाताने उत्तर पाठवण्याइतकी सवड लेखकाने ठेवावी.