आदेश नसलेली कात्री

कोल्हापूरला सेन्सॉर नवा नाही. बाबूराव पेंटरांच्या ‘सैरंध्री’तला (१९२०) कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरने तो कापायला लावला. दहा वर्षांनी ‘प्रभात’ने इथेच ‘स्वराज्याचे तोरण’ उभे केले, तर ‘स्वराज्य’ हा शब्दच इंग्रज सरकारला खुपला आणि चित्रपट ‘उदयकाल’ नावाने पडद्यावर आला. अन्याय दोन्ही वेळा झाला, पण तो कुणी केला हे ठाऊक होते. त्याच्याशी भांडता येत होते. आज कोल्हापुरात मालिका घडतात, आणि त्यांतून काय गळाले, कुणी गाळले, हे पुष्कळदा लिहिणाऱ्यालाही नेमके सांगता येत नाही.

मालिकेला प्रसारणाआधी सरकारी प्रमाणपत्र लागत नाही. १९९५ चा केबल कायदा आहे, त्याखालची कार्यक्रम संहिता आहे, २०११ पासून वाहिन्यांनीच नेमलेली तक्रार परिषदही आहे. पण हे सगळे कुणी तक्रार केल्यावर हलते. खरी छाननी त्याच्या कितीतरी आधी होते. कथेचा आराखडा, पटकथा, संवाद, प्रत्येक पायरीवर चॅनलचा होकार लागतो. दर गुरुवारी प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या ‘बार्क’चे आकडे येतात आणि एखादा ट्रॅक आवरायचा की ताणायचा ते ठरते. काही लाख घरांचीसुद्धा नव्हे, देशभरातल्या घरांत बसवलेल्या, हजारांतच मोजता येणाऱ्या मीटरांची ही सत्ता आहे.

या मीटरनेच कोल्हापूरला छोट्या पडद्यावर आणले, असे मला वाटते. ‘बार्क’ने ऑक्टोबर २०१५ पासून ग्रामीण घरांचे आकडे द्यायला सुरुवात केली. वर्षभरात, ऑक्टोबर २०१६ मध्ये, झी मराठीवर ‘तुझ्यात जीव रंगला’ सुरू झाली. वसगड्यातला वाडा, तालीम, नायक राणादाचे ‘चालतंय की’ घरोघरी गेले. इथली बोली मुख्य पात्राच्या तोंडी आली, नोकराच्या किंवा विनोदी पात्राच्या नव्हे, हे मोठेच काम झाले. पण गाव आले ते निवडून. त्याआधी वीस महिने याच शहरात सकाळी फिरायला गेलेल्या कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. त्या खुनाने हादरलेले, वाद घालणारे, मोर्चे काढणारे कोल्हापूर मालिकेत आले नाही. कुणी मनाई केली होती? तसा कागद कुठेही सापडायचा नाही. रोज रात्री घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून पाहायची कथा म्हणजे भाबडा पैलवान, कारस्थानी वहिनी आणि तुटता तुटता राहणारे लग्न, हे आधीच सगळ्यांनी मान्य केलेले असते.

वेगळे करून पाहणाऱ्यांचे काय होते, त्याचे उदाहरण ‘सावित्रीजोती’. शाहू महाराजांनी ज्या सत्यशोधक विचाराला बळ दिले, त्याच्या जनकांवरची, फुले दांपत्यावरची ही मालिका जानेवारी २०२० मध्ये सोनी मराठीवर आली. मध्ये टाळेबंदीने चित्रीकरण थांबले. डिसेंबरात, पुरेसा प्रेक्षक नाही म्हणून, मालिका बंद झाली. हरी नरके यांच्यासारखा अभ्यासक तिच्या पाठीशी होता. आकड्यांपुढे त्याचा उपयोग झाला नाही. निर्मात्याला पैसे उभे करावे लागतात हे मान्य. तरीही फुल्यांचे चरित्र अर्धवट राहावे, हा नुसता व्यापारी निर्णय म्हणून मला सोडून देता येत नाही.

अभिनेते किरण माने यांचे प्रकरण आणखी गुंतागुंतीचे. जानेवारी २०२२ मध्ये ‘मुलगी झाली हो’ या मालिकेतून त्यांना काढले. आपल्या राजकीय मतांमुळे काढले, असे ते म्हणाले. सहकलाकार स्त्रियांशी गैरवर्तन केले म्हणून काढले, असे निर्मात्यांकडून सांगण्यात आले. सेटवरचे कलाकारही दोन बाजूंना विभागले. खरे काय, हे बाहेरून ठरवणे योग्य नाही. पण आरोप आधी लेखी देऊन, ऐकून घेऊन निर्णय झाला असता, तर तक्रार करणाऱ्या स्त्रियांचीही अशी ओढाताण झाली नसती आणि मतस्वातंत्र्याचा प्रश्नही धूसर राहिला नसता.

त्यापेक्षा ‘दख्खनचा राजा जोतिबा’ या मालिकेवरचा वाद मला निकोप वाटतो. कथा ‘केदारविजय’ ग्रंथाला धरून नाही, असा आक्षेप जोतिबाच्या डोंगरावरच्या लोकांनी उघड घेतला. श्रद्धेने कलेला वेसण घालावी हे मला पटत नाही, पण इथे आक्षेप घेणारा समोर होता आणि त्याचा आधारही. १९८८ मध्ये ‘तमस’वर बंदी मागितली गेली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या लेंटिन आणि सुजाता मनोहर या न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहिली आणि मग ती दाखवू दिली. समोरासमोर लढता आले म्हणून ‘तमस’ वाचली.

म्हणून लेखकांच्या ‘मानाचि’ संघटनेने आणि कलाकारांच्या संघटनांनी करारात एकच कलम हट्टाने मागावे: प्रसंग गाळला, ट्रॅक बदलला किंवा माणूस काढला, तर त्याचे कारण लेखी द्यायचे, खाली निर्णय घेणाऱ्याचे नाव आणि सही असायची, आणि उत्तर द्यायला आठ दिवस मिळायचे.