शताब्द्यांचा सुकाळ

गेली काही वर्षं मराठी संगीताच्या मंचावर दिवंगतांचीच चलती आहे. २०१९ साली पु. ल., गदिमा आणि बाबूजी यांची शताब्दी एकदमच आली. पाठोपाठ वसंतराव देशपांडे, भीमसेन जोशी, कुमार गंधर्व. मागच्या पडद्यावर हार घातलेला फोटो, कडेला किश्श्यांची चळत घेऊन बसलेला निवेदक, किस्सा संपला की मूळ ध्वनिमुद्रिकेबरहुकूम गाणं, व्हायोलिनच्या तुकड्यासकट. मध्यंतरात बटाटेवडा. गाणारी मुलं तयारीची असतात, त्याबद्दल वाद नाही. पण ऐन उमेदीची वर्षं दुसऱ्याच्या जागा बिनचूक घेण्यात घालवायला आपणच त्यांना लावतो आहोत, हे मनात आलं की वडा घशाखाली उतरत नाही.

कुमारांच्या नावाने हे व्हावं ही तर कमालच. लहानपणी हा मुलगा तबकड्या ऐकून बुजुर्गांची हुबेहूब नक्कल करायचा आणि लोक तोंडात बोटं घालायचे. पुढे क्षयाने देवासला अंथरूण धरलं, तेव्हा कानावर पडणाऱ्या माळव्यातल्या लोकधुनांत त्याला रागांची बीजं सापडली. बालगंधर्वांवर कार्यक्रम करायची वेळ आली तेव्हा नक्कल त्याच्या डाव्या हातचा मळ होती. ती त्याने केली नाही. ‘मला उमजलेले बालगंधर्व’मध्ये गळा कुमारांचाच राहिला, आणि म्हणूनच त्यात बालगंधर्व सापडतात. आज कुमारांना आदरांजली वाहताना त्यांचाच तुटक स्वरलगाव उचलणाऱ्यांनी ती ध्वनिफीत एकदा पुन्हा ऐकावी.

‘मी वसंतराव’ हा चित्रपट मात्र मी या रांगेत बसवणार नाही. आजोबांची भूमिका करताना राहुल देशपांडे यांनी वारसा मिरवण्यापेक्षा तो मिळायला काय पडलं ते दाखवलं. अभंगाला गिटार-ड्रम्स जोडणाऱ्या बँडांविषयी एवढंच म्हणतो की पखवाज काढून घेतल्याने तुकोबा समकालीन होत नाहीत, ते आधीपासूनच आहेत.

मला लिहायचं आहे ते नाट्यगृहात सहसा न येणाऱ्या आंबेडकरी गाण्याबद्दल. भीमसेन १९२२ चे, भीमगीतं रचणारे वामनदादा कर्डकही १९२२ चे. पहिल्यांची शताब्दी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांनी केली, दुसऱ्यांची मुख्यतः वस्त्यांनी.

१९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला धर्मांतर झालं आणि दोन महिने उलटायच्या आत, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. त्या क्षणी लाखो माणसांपुढे काय उभं राहिलं याचा विचार संगीताच्या अंगाने फारसा झालेला नाही. देव सोडलेले, जुने विधी सोडलेले. मर्तिकाला जे भजन म्हटलं जाई त्यातला विठ्ठल आता आपला राहिलेला नाही. मग रडायचं कोणत्या चालीत? ही चाल नव्याने बांधायची होती आणि ती वस्त्यांतून भीमगीतं गाणाऱ्या गायन पार्ट्यांनी बांधली. हाताशी जे होतं ते घेतलं: पेटी, ढोलकी, कव्वालीचा सवाल-जवाब, भजनाची उचल आणि ओठांवर रुळलेल्या सिनेमाच्या चाली. त्याआधी सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी तमाशाच्या गणातल्या गणपतीला रजा देऊन ठेवली होतीच, त्यामुळे जुना साचा रिकामा करून त्यात आपला ऐवज भरायची सवय हाताला होती. ध्रुवपद एकदा कानावर पडलं की दुसऱ्या फेरीला अख्खी वस्ती झील धरते, हे या गाण्याचं रचनातत्त्व आहे. अनोळखी चाल दिली असती तर लोक नुसते ऐकत बसले असते.

‘चाली उसन्या आहेत’ असं म्हणत नाक मुरडणाऱ्यांचं मला नवल वाटतं. भास्करबुवा बखल्यांनी ‘स्वयंवर’ नाटकाची पदं बंदिशींवर बेतली की तो सुवर्णकाळ, आणि वामनदादांनी सिनेमाच्या चालीवर शब्द बसवले की ती चालचोरी! नाटकाच्या जुन्या पुस्तकांत तर पदाच्या डोक्यावर मूळ चालीचं नाव छापलेलं असे. तेव्हा कोणाला कमीपणा वाटला नाही.

अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड घ्या. छक्कड म्हणजे तमाशातला शृंगाराचा फक्कड प्रकार. अण्णाभाऊंनी तो उचलून पोटासाठी मुंबईला आलेल्या माणसाच्या तोंडी घातला. ऐकणारा आधी बायकोच्या आठवणीत रमतो, आणि लय जराही न बदलता गाणं त्याला संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मुलखापाशी आणून सोडतं. विरह तोच. शृंगारातून राजकारणात जाताना सांधा कुठे आहे ते शोधून दाखवा.

ही रीत अजून जिवंत आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांचा गोळीबार झाला, दहा माणसं गेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःला संपवलं. त्या धक्क्यातून आनंद पटवर्धनांचा ‘जयभीम कॉम्रेड’ हा माहितीपट निघाला. चौदा वर्षं लागली, आणि त्यात साक्षीदार म्हणून गाणीच उभी राहतात. ‘कोर्ट’ चित्रपटात संभाजी भगतांची गाणी, आरेच्या जंगलासाठी ‘स्वदेशी’ या गटाच्या रॅपरांबरोबर उभा राहिलेला प्रकाश भोईर यांचा आदिवासी आवाज, एकतारीवर कडूबाई खरातांचा उघडा, पल्लेदार सूर. दरवर्षी ६ डिसेंबरला शिवाजी पार्कच्या फुटपाथवर आधी कॅसेट, मग सीडी, मग पेन ड्राइव्हमधून हे संगीत विकलं जातं. यंदा त्यात नवं काय आलं, याची दखल कोणत्या संगीत समीक्षकाने घेतली?

घेतली नाही, कारण हा ‘प्रचार’ आहे म्हणे. हे ऐकून मात्र माझं टाळकं फिरतं. गांधींच्या हत्येनंतर रविशंकरांनी त्यांच्या नावातले ग, नी, ध घेऊन मोहनकंस हा राग बांधला. गांधी शताब्दीला कुमारांनी गांधी मल्हार बांधला. दोन्ही एका पुढाऱ्यासाठी, दोन्ही शोकातून आणि आदरातून. त्यांना कोणी प्रचार म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही, म्हणूही नये. मग ‘भीम’ हा शब्द आला की यांच्या कानांना सूर ऐकू यायचा थांबून नुसती घोषणाच का ऐकू येते? रागातलं राजकीय दुःख अभिजात आणि ढोलकीवरचं तेच दुःख चळवळीचं साहित्य, ही वाटणी संगीताच्या कोणत्या शास्त्रात लिहिली आहे? ती जातीच्या शास्त्रातली आहे हे सरळ म्हणावं.

वामनदादांच्या गीतांचे संग्रह निघाले, त्यांच्या शब्दांवर लिहिलं गेलं. त्यांची चाल कुठे वळण घेते, ध्रुवपदावर परतताना कोरस किती आधी उचलतो, लाऊडस्पीकरच्या काळात आवाजाची फेक कशी बदलली, यावर लिहायचं ते राहिलंच. स्वरलिपीची अडचण सांगू नका. भातखंड्यांना बंदिशी कोणी ताटात वाढून दिल्या नव्हत्या. उस्तादांच्या मिनतवाऱ्या करून, दारात तिष्ठत त्यांनी त्या मिळवल्या. गायन पार्ट्यांत पेटीवर बसलेली माणसं आता म्हातारी झाली आहेत, मिनतवाऱ्याही करून घेणार नाहीत. पुढच्या शताब्दी समारंभासाठी जी वर्गणी जमेल तिच्यातून दोन मुलांना वही आणि रेकॉर्डर देऊन त्यांच्याकडे पाठवा, पडद्यावरचा हार एखाद्या वर्षी नसला तरी चालेल.