बटाट्याची पाचर

मराठीत कवितेला टीकाकार आहेत, नाटकाला आहेत, दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठालासुद्धा आहेत. पाककृतीला मात्र कोणी नाही. वास्तविक वाचकाला इतके कामाला लावणारा दुसरा साहित्यप्रकार नसेल. कादंबरी फसली तर लोक कादंबरीकाराला नावे ठेवतात. पाककृती फसली तर नावे ठेवतात वाचकाला, आणि हा वाचक बहुतेक वेळा त्या घरातली बाई असते. हा अन्याय दूर करावा म्हणून आजचे हे परीक्षण. परीक्षणास घेतलेली कृती : ‘घरच्या घरी ओव्हनमध्ये कुरकुरीत पोटॅटो वेजेस’.

सुरुवात शीर्षकापासून करू. वेज म्हणजे पाचर. सुतार लाकडात ठोकतो ती. मराठीत बटाट्याच्या काचऱ्या होतात, काप होतात, चकत्या होतात, उपासाला कीस होतो. पाचर मात्र आपण आजवर फक्त दुसऱ्याच्या कामात मारत आलो. एका बटाट्याच्या सालीसकट उभ्या आठ फोडी केल्या की त्या वेजेस. म्हणजे साल काढायचा कंटाळा आला तर तो आळस नव्हे, ती शैली! इथपर्यंत कृती उत्तम आहे.

आता संहितेकडे वळू. ओव्हनबरोबर एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका फुकट मिळते. तिच्यातला मजकूर साधारण असा असतो : चार बटाटे, दोन चमचे तेल, मीठ, मिरपूड, हर्ब्ज आवडीनुसार. सर्व एकत्र करून २०० अंशांवर २५ मिनिटे बेक करा. कुरकुरीत वेजेस तयार!

पाच ओळींत सुखान्त. पण कथानकात संघर्षच नाही, कारण लेखकाने खलनायकच गाळला आहे. हा खलनायक म्हणजे पाणी. मी बी.कॉम. माणूस, मला आधी ताळेबंद दिसतो. १०० ग्रॅम बटाट्यात ८० ग्रॅमच्या आसपास पाणी असते. म्हणजे आपण किलोभर बटाटे आणतो तेव्हा खरे तर साल असलेला पाण्याचा तांब्या आणतो. जमेच्या बाजूला एवढे पाणी दाखवले, तर ते खर्ची कुठे टाकले हे दाखवायला नको? फोडीच्या अंगावर पाणी आहे तोवर तिथले तापमान १०० अंशांच्या वर सरकत नाही. आणि फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार याने १९१२ साली ज्या क्रियेचे वर्णन केले, ती खमंग सोनेरी रंग आणणारी क्रिया जोर धरते साधारण १४० अंशांच्या पुढे. मधली तफावत कोण भरून काढणार? हर्ब्ज?

कढईतले तापलेले तेल फोडीला चहूबाजूंनी बिलगते आणि पाणी तडतडत बाहेर हाकलते. ओव्हनमधली हवा म्हणजे जेवणाच्या सुट्टीनंतरचे आमचे काउंटर : आत ऊब भरपूर, पण ती गिऱ्हाइकापर्यंत पोचवायची घाई कुणालाच नाही. म्हणून जे काम कढई एकटी करते, ते ओव्हनमध्ये आधी हाताने करून द्यावे लागते. फोडी मिठाच्या पाण्यात, चिमूटभर खायचा सोडा घालून, कडा मऊ होईतो उकडायच्या. सोड्याने बटाट्यातले पेक्टिन सैल पडते. मग पाणी निथळून, वाफ जाऊ देऊन, पातेले जरा हलवायचे, की फोडींना बाहेरून खरखरीत पिठूळ अंग येते. त्याला तेल चोळायचे. हे अंगच पुढे कुरकुरते. मग आधीच तापवलेल्या ट्रेमध्ये, २२० अंशांवर, एकमेकींना न चिकटता फोडी मांडायच्या आणि मध्ये एकदा उलटायच्या. गर्दी केली तर एकीची वाफ दुसरीला लागते, आणि भाजायला ठेवलेल्या फोडी शिजून बाहेर येतात.

यातले एक अक्षर पुस्तिकेत नाही. बटाटा कोणता, हेही नाही. शीतगृहात फार गारठलेल्या बटाट्यातल्या पिठाची साखर होऊ लागते. तो कुरकुरीत व्हायच्या आधीच काळवंडतो. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९९८ साली ‘कुफ्री चिप्सोना’ ही जात वेफर्सवाल्यांसाठी मुद्दाम काढली. पण आमच्या भाजीवाल्याला जात विचारली तर तो म्हणतो, “साहेब, बटाट्यात कसली आलीय जात? घ्यायचा तर घ्या!” सामाजिकदृष्ट्या मला हे विधान पटते, वेजेसच्या दृष्टीने नाही.

यात गंमतीचा भाग संपतो. शेजारच्या वहिनींनी मुलाच्या वाढदिवसाला ही कृती अक्षरशः पाळली. फोडी लोळागोळा झाल्या. पाहुण्यांनी सभ्यपणाने खाल्ल्या. वहिनी मात्र म्हणाल्या, “माझ्याच हाताला गुण नाही हो, भावजी.” वीस वर्षे रोज दोन वेळा स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या तोंडून पाच ओळींच्या मजकुराने हे वाक्य काढून घेतले! चुकीचे व्हाउचर पास झाले तर आम्ही आधी सही कुणाची ते पाहतो. इथे सही करणारा नामानिराळा, आणि कॅशियर रडतोय.

१९७० साली कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ आले आणि घराघरांत गेले. त्यातली मापे वाटी-चमच्याची होती, म्हणजे वाचणारीच्या हातातली होती. लेखिकेने जबाबदारी अर्धी आपल्याकडे घेतली होती. ‘आवडीनुसार’ लिहिणारा लेखक सगळी जबाबदारी समोरच्याच्या पदरात टाकतो.

शेवटची सूचनाही पुस्तिकेने दिलेली नाही, आणि आपल्या घरांत तीच सर्वांत महत्त्वाची : झाकण ठेवू नका. आपण दुधापासून देवाच्या नैवेद्यापर्यंत सगळ्यावर ताटली ठेवणारी माणसे. वेजेसवर ठेवली, की आतली वाफ सालीत मुरते आणि सगळी कमाई बुडते. ज्याला यायचे त्याने गरम असताना यावे. न येणाऱ्यासाठी काढून ठेवण्याचा हा पदार्थ नाही.

एकूण अभिप्राय : पदार्थ चांगला, लेखक बेजबाबदार. पुढच्या आवृत्तीत ‘कुरकुरीत’ हा शब्द एक तर कारणांसकट छापावा, नाहीतर त्याच्यापुढेही ‘आवडीनुसार’ असे घालावे.