बालपरिचर्येचे ज्ञान आणि परवाना परीक्षा : गडचिरोलीच्या अनुभवाच्या आधारे एक चिकित्सा

प्रस्तावना :
आजारी बालकाची जबाबदारी परिचारिकेकडे सोपविण्यापूर्वी समाजाने तिचे ज्ञान कोणत्या कसोटीवर तपासावे, हा केवळ परीक्षापद्धतीचा प्रश्न नाही. महाराष्ट्रात परिचर्येचा अभ्यासक्रम व त्याची परीक्षा पूर्ण केल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते. अमेरिकेत परिचारिका म्हणून काम करण्यासाठी एनक्लेक्स ही स्वतंत्र परवाना परीक्षा द्यावी लागते. १९९४ पासून ती संगणकावर घेतली जाते. या दोन्ही वाटांवर बालपरिचर्या हा महत्त्वाचा विषय आहे. या परीक्षांनी गृहीत धरलेली ज्ञानाची कल्पना कितपत पुरेशी आहे, याचा विचार गडचिरोलीच्या अनुभवाच्या आधारे येथे केला आहे.

परीक्षेचे सामर्थ्य :
परवाना परीक्षेला निरर्थक ठरविणे अन्यायाचे होईल. बालकाच्या वजनानुसार औषधाची मात्रा काढताना दशांशचिन्ह एक घर सरकले, तर मात्रा दसपट होते. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षे या वयात ४० किंवा अधिक असल्यास तो जलद मानावा, हे पाठ असलेच पाहिजे. अशा ज्ञानात सवलत देता येत नाही.

मर्यादा आहे ती प्रश्नाच्या घडणीत. ‘तीन महिन्यांच्या बाळाची श्वसनगती मिनिटाला ५८ आहे, छाती आत ओढली जाते, परिचारिकेची पहिली कृती कोणती?’ अशा धर्तीच्या प्रश्नात सर्वांत अवघड काम प्रश्नकर्त्यानेच उरकलेले असते. श्वास कोणीतरी मोजलेला आहे, छातीची ओढ कोणीतरी पाहिलेली आहे. उमेदवाराने फक्त निवड करायची असते.

गडचिरोलीचा पुरावा :
१९८२ साली चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा वनव्याप्त जिल्हा निर्माण झाला. तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ संस्थेचे कार्य सुरू केले. न्यूमोनियाविषयीच्या त्यांच्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. अक्षरओळख नसलेल्या दाईलाही श्वास मोजता यावा म्हणून तेथे मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि मणी यांचे साधन तयार झाले. दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा. मिनिटभरात लाल मण्यापर्यंत पोहोचल्यास श्वास जलद समजायचा. परीक्षेत जो आकडा आयता मिळतो, तो मिळविण्याचे हे शिक्षण होते.

पुढे ३९ गावांत पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. नवजात बालकातील जंतुसंसर्ग ओळखण्यासाठी त्यांना सात लक्षणे शिकविली होती. त्यांपैकी दोन एकाच वेळी आढळल्यास उपचार सुरू होत. आधी नीट रडणारे बाळ आता क्षीण रडते किंवा रडतच नाही. आधी ओढून पिणारे बाळ आता पीत नाही. आधी हातपाय हालविणारे बाळ आता लुळे पडले आहे, अशी ही लक्षणे आहेत. यांतील ‘आधी’ आणि ‘आता’ हे शब्द निर्णायक होत. येथे बाळाची तुलना पुस्तकातील सरासरीशी नसून त्याच्या स्वतःच्या कालच्या अवस्थेशी आहे. ती तुलना वारंवार घरी जाणाऱ्या आणि मातेचे बोलणे समजणाऱ्या व्यक्तीलाच शक्य आहे. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गावांतील नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर आला. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत तशी घट झाली नाही.

आक्षेपांचा विचार :
यावरून औपचारिक परीक्षा अनावश्यक ठरते, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. आरोग्यदूतांच्या मागे सातत्यपूर्ण प्रशिक्षण व देखरेख होती. २०११ पासून ‘आशा’ कार्यकर्तीच्या गृहभेटींची राष्ट्रीय पद्धत ठरली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी सहा व घरी जन्मलेल्या बाळासाठी सात भेटी नेमल्या गेल्या. परंतु भेटींची संख्या भरणे म्हणजे निरीक्षण घडणे नव्हे. देखरेख क्षीण झाली तर भेट केवळ नोंदवहीत उरते. २०१४ साली केंद्र शासनाने, बाळाला रुग्णालयात नेणे शक्य नसल्यास, सहायक परिचारिका प्रसाविकेला दोन महिन्यांखालील बाळास जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्याची ठराविक परिस्थितीत मुभा दिली. या निर्णयाने प्रश्न अधिक गंभीर झाला आहे. मात्रेचे गणित परीक्षा तपासू शकते. परंतु इंजेक्शनची वेळ आली आहे हे ओळखण्याची दृष्टी पर्यायी प्रश्नांतून तपासली जात नाही.

निष्कर्ष :
परवाना परीक्षेतील बालपरिचर्येचे ज्ञान चुकीचे नाही. ते अर्धे आहे. लक्षणे हाती आल्यावर काय करावे हे ते सांगते. लक्षणे हाती कशी येतात याविषयी ते मौन पाळते. म्हणून चंद्रपूर-गडचिरोली परिसरातील परिचर्या महाविद्यालयांनी अंतर्गत मूल्यमापनात प्रत्यक्ष बालकाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजणे, त्याच बाळाचे दोन दिवसांतील निरीक्षण तुलनेने नोंदविणे आणि गोंडी अथवा माडिया बोलणाऱ्या मातेकडून दुभाष्याच्या साहाय्याने माहिती घेणे, यांना गुण द्यावेत. या अर्ध्या ज्ञानाची किंमत विद्यार्थिनीच्या गुणपत्रिकेत दिसत नाही. ती गावातील बाळाला मोजावी लागते.