अनुभव-शंकू आणि टक्केवारीचा भ्रम

अध्यापनाच्या विद्यार्थ्यांच्या टाचणांत व भित्तिपत्रकांत एक आकृती वारंवार आढळते. निमुळत्या टोकाशी वाचन, पायथ्याशी प्रत्यक्ष कृती, बाजूस १०, २०, ३०, ५०, ७०, ९० असे स्मरणाचे टक्के, आणि खाली एडगर डेल यांचे नाव. साधनांची निवड हिच्यावरून करावी अशी समजूत त्यामुळे दृढ होते. म्हणून तिची छाननी अगत्याची आहे.

ओहायो राज्य विद्यापीठातील प्राध्यापक डेल यांनी १९४६ च्या आपल्या ग्रंथात ‘अनुभव-शंकू’ मांडला. त्यात एकही आकडा नाही. मूर्त अनुभवापासून शब्दप्रतीकापर्यंत साधनांची मांडणी करणे एवढाच त्याचा हेतू होता, आणि हा क्रम श्रेष्ठकनिष्ठतेचा मानू नये असे डेल यांनीच बजावले होते. पण आकृती उतरविणारे मजकूर कशास वाचतील! ही टक्केवारी १९६७ साली डी. जी. ट्राइक्लर यांच्या लेखात प्रसिद्ध झाली. तिच्या पाठीशी कोणताही प्रयोग दाखविलेला नाही. पुढे ती डेल यांच्या शंकूस चिकटली. वाचलेले म्हणजे काय वाचलेले, कोणत्या वयाच्या मुलाने, आणि स्मरणाची परीक्षा किती दिवसांनी? आकडे मात्र सगळे दहाच्या पटीत!

खरा अनर्थ निवडीत होतो. दिवस व रात्र हा पाठ घ्यावा. प्रत्यक्ष अनुभवाची साक्ष येथे उलटीच आहे. सूर्य उगवतो, फिरतो, मावळतो. अंधारलेल्या खोलीतील दिवा आणि पृथ्वीगोल, म्हणजे कृत्रिम साधनच, येथे उपकारक ठरते. याउलट मटकीला मोड येण्यासाठी चित्रपट कशाला? ओले फडके पुरे. रोज उघडून पाहण्यात जो धीर लागतो तो पडद्यावरील एका मिनिटात शिकता येत नाही. हृदयाच्या झडपांची उघडझाप दाखवावयाची असेल, तर मात्र चलच्चित्राला तोड नाही.

मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ माध्यमिक शाळांत सुरू झालेला विज्ञानशिक्षणाचा उपक्रम या दृष्टीने अभ्यसनीय आहे. २००२ पर्यंत चाललेल्या त्या उपक्रमात मुले गटागटाने स्वतः प्रयोग करीत. परंतु निरीक्षणांची नोंद आणि त्यांवरील चर्चा हेही पाठाचेच अंग होते. म्हणजे शंकूच्या टोकावरील शब्द तेथे पायथ्यावरील कृतीच्या जोडीनेच चालत होते.