मुद्रा एक, नामे दोन



कीर्तनात प्रमाण म्हटले की आपण लगेच ‘महाराज सांगतात’ असे म्हणतो. पण कोणते महाराज? अभंगाच्या शेवटी ‘नामा’ आला की नामदेवराय, एवढ्यावर आपले समाधान होते. नामदेवराय शके 1272 मध्ये, म्हणजे इ. स. 1350 साली, समाधिस्थ झाले. पुढे नाथमहाराजांच्या शतकात विष्णुदास नामा हे दुसरे कवी झाले. त्यांनी महाभारत ओवीबद्ध केले. त्यांची रचना नामदेवरायांच्या गाथेत मिसळली आहे.

काही अभ्यासू मंडळी सोपी वाट काढतात : ‘विष्णुदास’ हा शब्द आला की अभंग दुसऱ्या नाम्याचा. हा निकष टिकत नाही. विष्णुदास म्हणजे विष्णूचा दास. नामदेवरायही स्वतःला तसे म्हणवतात. भाषा सोपी म्हणून अभंग नंतरचा, हेही पुरेसे नाही. शतकानुशतके वारकऱ्यांच्या मुखी असलेली वाणी गाता गाता सोपी होणारच. म्हणून आतली खूण पाहावी. अभंगात कबीर किंवा मीराबाई आल्या, तर तो चरण नामदेवरायांचा नव्हे. ते दोघे नंतरचे. जुन्या बाडांत तो अभंग आहे की नाही, हेही पाहावे.

तुम्ही म्हणाल, विठ्ठल एकच, मग नामे निवडून काय मिळवायचे? भजनापुरते ते खरे. पण कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत माउलींच्या समाधीचे अभंग ऐकताना आपला कंठ दाटतो, तो सांगणारा तिथे होता म्हणून. ती सोबत्याची साक्ष आहे. तिच्यात दोनशे वर्षांनंतरच्या कवीचे शब्द मिसळले, तर ती साक्ष राहत नाही, आख्यान होते. आणि विष्णुदास नाम्यावरही अन्याय होतो. त्यांचे कष्ट राहतात, नाव जाते.

हा नुसता पंडितांचा खटाटोप नव्हे. नाथमहाराजांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीतील अपपाठ दूर केले आणि तीत कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. त्यांच्या भक्तीत त्यामुळे काही उणे आले का?

तेव्हा संशयित अभंग टाकू नका, जरूर गा. मात्र निवाडा होत नसेल तिथे ‘नामदेवरायांच्या गाथेत असे आहे’ एवढेच म्हणा. आपल्या जिभेवर दोन्ही संतांचे ऋण आहे; ते ज्याचे त्याला पोचावे.